विश्वासू सहयोगी परिवार

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं डोक्यातून पुसली गेली. आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळले, कलमांचे आकडेही आता चटकन ओठांवर येत नाहीत. पण ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत भिंतीला पाठ लावून उभा असलेला तो तंत्रज्ञ आणि दारात दाटलेली ती माणसं मात्र अजून जशीच्या तशी दिसतात.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तेव्हा बरीच वर्षं लोटली होती. मी भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेला, लाखांदूरच्या बाजूच्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. आमच्याकडचे गुन्हे ठरलेले असत. मोहाची दारू, रेतीची चोरटी वाहतूक, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाणामाऱ्या. मोबाइल घरोघरी पोचले होते, पण त्यावरून होणारे गुन्हे म्हणजे बँकेतून बोलतोय असं सांगून फसवणं, एवढीच आमची समज होती.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदारानं फोन माझ्याकडे दिला. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकारी बोलत होत्या. रक्त तपासणाऱ्या तंत्रज्ञाला काही लोकांनी खोलीत कोंडलं होतं. स्टेशन डायरीत नोंद करायला सांगून मी जीप काढली.

पोचलो तेव्हा तंत्रज्ञाच्या शर्टाची बाही फाटलेली होती. समोर तिशीतला एक तरुण, त्याचे दोन-तीन चुलतभाऊ आणि बाजूला खाली मान घालून उभे असलेले एक वयस्क गृहस्थ. तरुण ओरडत होता, "याच्याशिवाय कोणालेच माहीत नव्हतं! यानंच सांगतलं! माह्या बहिणीचं लगन मोडलं यानं!"

सगळ्यांना ठाण्यात आणलं. गर्दीतल्या माणसाला आधी पाणी द्यावं आणि मग एकटं बसवावं, हा माझा नेहमीचा शिरस्ता. चारचौघांत माणूस बाकीच्यांसाठी बोलतो, एकटा असला की स्वतःचं बोलतो. मी आधी त्या वयस्क गृहस्थांना आत घेतलं. ते मुलीचे वडील होते. एस.टी.त वाहक म्हणून उभी नोकरी करून निवृत्त झालेले.

त्यांनी सांगितलं ते असं. मुलगी शिकलेली, एका खासगी शाळेत मराठी शिकवणारी. साकोली तालुक्यातल्या एकोडीकडचं स्थळ आलं, पसंती झाली, विहारात बैठक होऊन मंगलपरिणयाची तारीख निघाली. मुलीनं आपणहून सिकलसेलची तपासणी करून घेतली होती. आमच्या भागात हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. अहवालात ती 'वाहक' निघाली. वाहक म्हणजे आजारी नव्हे. जोडीदारही वाहक किंवा आजारी असेल तरच होणाऱ्या अपत्याला आजाराची भीती असते. पण हे समजून घेणारे थोडे. नवरदेवाच्या मामाचा फोन आला, 'तुमची पोरगी सिकलवाली आहे, आमाले हे जमणार नाही,' आणि लग्न मोडलं.

"साहेब," ते म्हणाले, "आयुष्यभर माह्या छातीवर बिल्ला होता, त्याच्यावर वाहक लिवलं होतं. त्या शब्दावर पोरं वाढवली. आता त्याच शब्दानं पोरीचं लगन मोडलं."

मी तंत्रज्ञाला बोलावलं.

त्याचं बोलणं सरळ होतं. "साहेब, अहवाल त्या पोरीच्या हातात देल्ला मी. कोणाच्या कानावर घातला असंन तर माहे हात गळून पडो." मारहाणीची तक्रार द्यायची का, असं विचारलं तर तो मान हलवत म्हणाला, "राहू द्या जी. घरात आग लागली की माणूस पाणी कुठं फेकते ते पाहत नाही."

मी त्या भावाला समज दिली आणि मुलीला दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर यायला सांगितलं.

मुलगी आली. साधी सुती साडी, खांद्याला शाळेची पिशवी. रडून डोळे सुजलेले असतील असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. ती रागात होती आणि राग आवरून बोलत होती.

मी विचारलं, "ही गोष्ट कोणाकोणाला ठाऊक होती?"

"घरात आईबाबाले. दादाले. आणि ज्यायच्याशी लग्न ठरलं होतं, त्यायले."

वडील दचकले. "त्याले तू सांगतलं होतं?"

"हो बाबा. बैठकीच्या आधीच फोनवर सांगतलं. ज्याले सांगायचं होतं त्याले मी सांगतलं होतं. ते म्हणाले, मी पण तपासून घेतो."

मुलाला आधीच माहीत होतं, तर मग मामाला नव्यानं कोणी सांगितलं? मुलानंच फोडलं असेल, असा पहिला संशय येणं स्वाभाविक होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही एकोडीकडे निघालो.

मुलाचे वडील निवृत्त शिक्षक. घर नीटनेटकं, अंगणात तुळशीऐवजी पांढऱ्या चाफ्याचं झाड. मुलगा एका कारखान्यात नोकरीला. माझ्यासमोर बसला, तेव्हा त्याची नजर सारखी आपल्या मामाकडे जात होती. मामा मात्र ऐसपैस बसले होते. त्यांनी मला फार शोधायला लावलंच नाही.

"लपवायचं काय आहे साहेब? आमी काही वाईट केलं नाही. लग्न जुळवणारी एक संस्था आहे ऑनलाइन. त्यायच्याकडे मुलीचा मोबाइल नंबर आणि गाव देल्लं की स्थळाची पूर्ण पडताळणी करून देतेत. माणूस बैल घेतानी बी दात पाहते."

शेवटच्या वाक्यावर मुलाच्या वडिलांनी मान खाली घातली. मामांनी फोन काढून आलेली माहिती दाखवली. मुलीचं नाव, गाव, वय, शिक्षण, लग्न ठरलं आहे, सिकलसेल वाहक, थकवा येतो का: कधी कधी.

मी ते दोनदा वाचलं. माझ्याबरोबर, फोन तपासायची वेळ आली तर असावी म्हणून, सायबर कक्षातून मागवलेली एक महिला शिपाई होती. तिनं हळूच बोट ठेवून दाखवलं. मुलीचं जे नाव तिथं लिहिलं होतं, ते शाळेतलं नव्हतंच. आदल्या दिवशी ठाण्यात वडील तिला ज्या लाडाच्या नावानं हाक मारत होते, ते होतं.

रुग्णालयाच्या नोंदीत लाडाचं नाव असण्याचं कारण नव्हतं. थकव्याचा प्रश्नही तिथं कोणी विचारलेला नव्हता. परत येतानाच मी मुलीला फोन केला आणि हे नाव तिनं आजवर कुठं लिहून दिलं होतं का, असं विचारलं.

ती म्हणाली, "एका वेबसाइटवर. सिकलसेलची माहिती मराठीत देतेत ते. काय खावं, लग्नाआधी काय विचारावं, सगळं फुकट. खरं नाव द्याची भीती वाटली, म्हणून घरचं नाव लिहिलं. फक्त मोबाइल नंबर खरा देल्ला, त्याच्याशिवाय पुढं जाऊच देत नव्हतं."

तंत्रज्ञ सुटला. मी रुग्णालयात जाऊन त्याला स्वतः सांगितलं. मुलीचा भाऊही माझ्या मागे आला होता. त्यानं तंत्रज्ञाचे पाय धरायला वाकावं आणि तंत्रज्ञानं त्याला अर्ध्यातच उचलावं, हे आमच्या खात्यात क्वचित पाहायला मिळतं.

आता फिर्याद हवी होती. वडिलांचं मन होईना. "जाऊ द्या साहेब. तक्रार देल्ली की अख्ख्या तालुक्यात होईन. आणखी बदनामी."

मुलगी शेजारीच उभी होती. "बदनामी कायची बाबा? मी काय चोरी केली? माहं रक्त आहे ते."

तिनं फिर्याद दिली. फसवणुकीचं कलम आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, सेवेच्या निमित्तानं मिळालेली माहिती करार मोडून उघड करण्याचं कलम, असा गुन्हा दाखल झाला. या कायद्याखालचा तपास निरीक्षकानंच करायचा असतो, म्हणून तो माझ्याकडेच राहिला.

पहिलं काम म्हणजे ती वेबसाइट नीट वाचणं. महिला शिपायानं संगणकावर उघडून दिली. मुखपृष्ठावर हसरं कुटुंब, खाली मोठ्या अक्षरात 'तुमची माहिती, तुमचा ठेवा'. नाव-गाव भरल्यावर एक चौकोन येई. 'मी गोपनीयता धोरण वाचले असून ते मला मान्य आहे.' त्यावर टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नसे. धोरण उघडलं. ते मी इतक्या वेळा वाचलं आहे की त्यातला मुख्य मजकूर आजही पाठ आहे:

'आम्ही तुमची माहिती कोणालाही विकत नाही. तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी, गरजेनुसार, ती आमच्या विश्वासू सहयोगी परिवारात सुरक्षितपणे सामावून घेतली जाते.'

चांगलं वाटलं ना वाचायला? मलाही वाटलं होतं. इंग्रजीतही एक धोरण होतं. त्यात माहिती व्यावसायिक भागीदारांना देण्याचा अधिकार संस्थेकडे आहे, असं कोरडेपणानं लिहिलेलं होतं. पण मराठी पान उघडणाऱ्याला इंग्रजी धोरण दिसतच नसे.

वेबसाइटच्या चालकाला नोटीस बजावली. नागपूरहून तो वकिलाला घेऊन आला. चाळिशीतला, मृदू बोलणारा, पायातले बूट आवर्जून दाराबाहेर काढून आत येणारा. त्याच्यावर आवाज चढवून काही होणार नाही, हे पहिल्या मिनिटातच कळलं. ज्याच्याजवळ तयार उत्तर असतं, तो माणूस प्रश्न पूर्ण होईपर्यंत शांत थांबतो. हा थांबत होता.

"मुलीची माहिती लग्न जुळवणाऱ्या संस्थेला तुम्ही दिली?"

"सर, ती आमची सहयोगी संस्था आहे. धोरणात लिहिलेलं आहे."

"धोरणात लिहिलंय, आम्ही विकत नाही."

"विकत नाहीच सर. सहयोगी संस्था आम्हाला वर्गणी देतात. माहितीची किंमत आम्ही घेत नाही."

"म्हणजे दिली."

"सामावून घेतली." तो हसला नाही. अगदी गंभीरपणे म्हणाला. "आणि मॅडमनी टिक केलेलं आहे. त्यांची संमती आहे. आता लोक वाचत नाहीत, तर त्याला आम्ही काय करणार?"

पाऊण दिवस मी त्याला वेगवेगळ्या बाजूंनी विचारत राहिलो. प्रत्येक वेळी तो त्याच दोन वाक्यांवर येऊन बसे. खोटं बोलणाऱ्याच्या बोलण्यात कुठंतरी भेग पडते, तिथं बोट घालायचं असतं. इथं भेग नव्हती, कारण त्याच्या मते तो खोटं बोलतच नव्हता.

सरकारी वकिलांचा सल्ला घेतला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मजकूर वाचला. "भाषा गोलमोल आहे, पण गोलमोल लिहिणं हा गुन्हा नाही. हेतू दाखवा. फसवायच्या हेतूनंच असं लिहिलं, हे सिद्ध करा. नाहीतर तो संमतीवर सुटेल." वरिष्ठांनीही सुचवलं की हे दिवाणी स्वरूपाचं दिसतंय, फार वेळ घालवू नका.

वेबसाइटमुळे नुकसान झालेली आणखी काही घरं आम्ही शोधली. पवनीकडचं एक, साकोलीजवळचं एक. दोन्हीकडे चहा मिळाला, पण जबाब मिळाला नाही. जबाब द्यायचा म्हणजे तीच गोष्ट पुन्हा चार लोकांपुढे सांगायची. ते लोक घाबरले, यात मला नवल वाटलं नाही.

तपास तिथंच अडला असता. पण ती महिला शिपाई रोज जेवणाच्या सुटीत त्या वेबसाइटची इतर पानं वाचत असे. एक दिवस ती संगणक माझ्याकडे वळवून म्हणाली, "सर, हे नागपूरच्या माणसानं लिहिलेलं नाही."

आहाराच्या पानावर वाक्य होतं, 'बांधीत रोवणीचं काम करताना मध्ये मध्ये पाणी पीत राहा.' रोवणी म्हणजे धानाची लावणी, आणि धानाच्या शेतातल्या बांध घातलेल्या तुकड्याला बांधी फक्त आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतच म्हणतात. पुढं धानानंतर इथं पिकणाऱ्या लाखोळीच्या डाळीचा उल्लेख होता. लिहिणारं माणूस इथलं होतं आणि त्याची मराठी सुरेख होती.

चालकाला फोनवर विचारलं. त्याला त्यात धोका दिसला नाही. त्यानं सहज सांगितलं, भाषेचं काम बाहेरून करून घेतलं आहे, तुमसर तालुक्यातल्या एक बाई आहेत.

बाई राहायच्या मध्य प्रदेशच्या सीमेजवळ, बपेऱ्याकडे. स्त्रीचा जबाब तिच्या घरीच घ्यावा लागतो, म्हणून आम्हीच गेलो. दुपारची वेळ होती. अंगणात सासूबाई सुपात लाखोळी निवडत बसल्या होत्या. बाई पस्तिशीच्या आतबाहेर, मराठीत एम.ए. झालेल्या. नोकरी मिळाली नाही म्हणून घरी बसून लिखाणाची कामं घ्यायच्या. पोलीस पाहून त्या घाबरल्या, पण खुर्च्या मांडून, पाणी देऊन मगच बसल्या.

"मी फक्त भाषा केली साहेब," त्या म्हणाल्या. "मजकूर त्यांचा. मी शब्द दिले."

मी धोरणाचा कागद त्यांच्या हातात दिला. "एवढं एक वाक्य मला समजावून सांगा."

त्यांनी वाचलं. "म्हणजे... माहिती सुरक्षित राहते आणि सहयोगी संस्थांच्या समन्वयातून..."

"असं नाही. सासूबाईंना सांगाल तसं सांगा."

सासूबाईंचे हात सुपावर थांबले होते. त्यांनीच विचारलं, "काय लिवलं आहे वो त्याच्यात?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग सासूकडे. "माय, त्याच्यात लिवलं आहे का, तुमी आमाले तुमच्या रक्ताचं जे सांगान, ते आमी दुसऱ्यायले देऊ."

"आन् मंग तसं काहून नाही लिवलं?"

"तसं लिवलं असतं तर कोणी सांगतलं असतं का?"

वाक्य तोंडातून गेलं आणि त्या दचकल्या. महिला शिपायानं पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"हे तुमचं मत," मी म्हणालो, "की कोणी तुम्हाला म्हटलं होतं?"

"त्यांनीच म्हटलं होतं." त्यांचा आवाज खाली आला. "पहिल्यांदा मी सरळच लिहिलं होतं. 'तुम्ही भरलेली माहिती आम्ही इतर संस्थांना, लग्न जुळवणाऱ्या संस्थांनाही, देतो.' त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी बोलून पाठवलं."

"काय बोलून पाठवलं?"

त्या आत जाऊन मोबाइल घेऊन आल्या. संभाषण जुनं होतं, पण पुसलेलं नव्हतं. चालकाचा तोच मृदू आवाज अंगणात ऐकू आला.

"मॅडम, इतकं साफ लिहाल तर कोण भरेल? पढ़ते समय अपनापन लगना चाहिए. 'देतो' शब्द नको. परिवार, हित, असं काहीतरी टाका. लोकांना वाटलं पाहिजे की माहिती आपल्याच घरात राहते."

हेतू म्हणतात तो हा. सरकारी वकिलांना हवा होता तोच. पंचांसमोर पंचनामा करून मोबाइल ताब्यात घेतला, आवाजाच्या पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र घेतलं. निघताना बाईंनी विचारलं, "मी आरोपी आहे का साहेब?"

मी त्यांना सांगितलं की तुम्ही सरळ लिहून दिलं होतं आणि आज खरं सांगितलंत, म्हणून तुम्ही साक्षीदार आहात. त्यांनी मान डोलावली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. "शेवटचे शब्द तर माझेच आहेत," त्या म्हणाल्या. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे त्यांचा जबाब नोंदवला गेला, तिथंही त्यांनी काही लपवलं नाही. ते काम अर्थातच त्यांच्या हातून गेलं.

चालकाला पुन्हा बोलावलं. या वेळी मी प्रश्न विचारले नाहीत. आवाज ऐकवला. तो पुन्हा ऐकवा म्हणाला. दुसऱ्यांदा ऐकताना त्याच्या वकिलानं वहीत लिहिणं थांबवलं.

"सर," चालक म्हणाला, "सगळेच असं लिहितात."

"सगळ्यांचं मला माहीत नाही. तुमचं सांगा. लोकांना काय वाटायला हवं होतं?"

तो बूट काढलेल्या पायांकडे बघत राहिला. त्याच दिवशी त्याला अटक केली. लग्न जुळवणाऱ्या संस्थेच्या चालकालाही सहआरोपी केलं. वेबसाइट बंद झाली.

मधल्या काळात एकोडीचा तो मुलगा एकदा ठाण्यात आला होता. त्याचा तपासणी अहवाल अगदी साफ होता, म्हणजे लग्नाला वैद्यकीय अडचण कधीच नव्हती. मुलगी वाहक असल्याचं मला आधीपासून माहीत होतं, असा जबाब त्यानं स्वतःहून दिला. मामापुढं तोंड उघडायची हिंमत झाली नाही, हेही सांगितलं. पुन्हा बोलणी व्हावीत म्हणून तो मुलीच्या घरीही गेला होता. मुलीनं त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "तुमचं रक्त चांगलं आहे, मले माहीत आहे. पण त्या दिवशी तुमी चूप बसले." हे मला तिच्या वडिलांनी सांगितलं. सांगताना त्यांच्या बोलण्यात खंत होती की अभिमान, ते मला ठरवता आलं नाही.

खटला उभा राहिला तोवर माझी निवृत्ती जवळ आली होती. मुलीची साक्ष झाली त्या दिवशी मी कोर्टात होतो. बचाव पक्षाच्या वकिलांनी उलटतपासणीत नेमका तोच मुद्दा धरला, ज्यावर त्यांचा सगळा डोलारा होता.

"मान्य आहे, या चौकोनात तुम्ही स्वतः टिक केलं?"

"हो."

"कोणी जबरदस्ती केली नव्हती?"

"नाही."

"म्हणजे इतर सगळे करतात तसं, न वाचताच टिक केलं. बरोबर?"

"नाही," ती म्हणाली. "वाचलं होतं. सगळं वाचलं. मराठी शिकवते मी, वाचल्याशिवाय सही करत नाही. सामावून घेतली जाते, म्हणजे आत ठेवली जाते, असाच अर्थ होतो. वाचून विश्वास बसला, म्हणून टिक केलं. वाचलं नसतं तर कदाचित केलंही नसतं."

वकील पुढच्या प्रश्नासाठी कागद चाळत राहिले. न्यायाधीशांनी लेखनिकाला थांबवून तिचं उत्तर शब्दशः घ्यायला सांगितलं. इतके दिवस आम्ही सगळे, मीसुद्धा, लोक वाचत नाहीत एवढंच धरून चाललो होतो. ते धोरण लिहिलं गेलं होतं ते वाचणाऱ्या माणसासाठी, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं.

बाहेर व्हरांड्यात बपेऱ्याच्या बाई आपल्या साक्षीची वाट बघत बसल्या होत्या. मुलगी बाहेर आली तशा त्या उठल्या. दोघी त्याआधी कधी भेटल्या नव्हत्या.

"ते मी लिहिलं होतं," बाई म्हणाल्या.

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. "छान लिहिलं होतं तुमी," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. तेवढं बोलून ती वडिलांबरोबर जिना उतरून गेली. बाई पुन्हा बाकावर बसल्या. साक्षीसाठी पुकारा झाला तेव्हा शिपायाला त्यांना दोनदा हाक मारावी लागली.

आरोपींना शिक्षा झाली, त्यांनी अपील केलं. पुढचं मला नक्की माहीत नाही. मुलगी पुढे सरकारी शाळेत लागली आणि तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं, एवढं तिच्या वडिलांकडून कळलं. लग्नाआधी नवरदेवानंच तपासणीचा अहवाल आणून तिच्या हातात दिला होता, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कधी कोणी विचारतं. नोकरीत आम्हाला खोटं पकडायला शिकवतात. साक्ष जुळत नाही, वेळ जुळत नाही, तिथं खोटं सापडतं. पण प्रत्येक शब्द जागच्या जागी असूनही माणसाला चुकीच्या दारात नेऊन सोडता येतं, हे मी इथं पाहिलं. असं लिखाण तपासायचा एकच उपाय मला सापडला. लिहिणाऱ्याला सांगायचं, हेच आता घरच्या बोलीत, समोरच्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांग. सांगता आलं तर ठीक. अडखळला तर समजावं.

त्या वाक्यांच्या निमित्तानं मी आमची वाक्यंही नव्यानं ऐकू लागलो. पोलिसांच्या प्रत्येक जबाबाखाली एक ठरीव ओळ असते, 'माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' नोकरीच्या उरलेल्या महिन्यांत मी ठाण्यात एक पद्धत घातली. जबाब वाचून दाखवल्यावर त्या माणसानं तो आपल्या शब्दांत आम्हाला परत सांगायचा आणि मगच सही किंवा अंगठा. हवालदार कुरकुरले, कामं लांबली.

पहिल्याच आठवड्यात जमिनीच्या भांडणात साक्ष द्यायला एक म्हातारी आली. लेखनिकानं वाचून दाखवलं, 'सदर इसमाने बेकायदेशीररीत्या प्रवेश केल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले.' आजी, आता तुम्ही सांगा, असं म्हटल्यावर ती म्हणाली, "मी तं त्याले वावरात उभा पाह्यला जी. घुसतानी कुठं पाह्यला?"

लेखनिकानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला नवा कागद घ्यायला सांगितला.